मोटारीचे रक्त कोणाकडे तपासाल?

माणसाला आठ दिवस ताप राहिला की डॉक्टर आधी रक्त तपासून यायला सांगतात. एकदम शस्त्रक्रियेची भाषा कोणी करत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण उलटे वागतो. गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्यावर हाच प्रसंग आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची गाडी डिझेलची, वय वर्षे नऊ. दिवाळीला पंधरवडा उरला होता आणि भाऊबीजेला कोकणात जायचे ठरले होते. गाडी दाखवायला नेली, तर मिस्त्रींनी डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवली, इंजिनाला कान लावला आणि मान हलवली.

"साहेब, गाडी तेल पितेय. इंजिन उघडावं लागणार. साठ-सत्तर हजार धरून चाला."

घरी आकडा सांगताच चकलीची भाजणी भाजणाऱ्या सौभाग्यवतींचे उलथने हातातच थांबले. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम नेमकी तेवढीच होती. सुदैवाने त्यांचे धाकटे बंधू सुटीवर आलेले होते. ते जहाजावर इंजिनिअर. ते हसून म्हणाले, "भाऊजी, रक्त न तपासताच पोट फाडायला निघालात?"

मग त्यांनी समजावून दिले. तेल इंजिनभर रक्तासारखे फिरते आणि जिथे झीज होते तिथले धातूचे सूक्ष्म कण उचलून आणते. लोखंड वाढले तर सिलिंडर किंवा क्रँकशाफ्टकडे बोट, ॲल्युमिनियम वाढले तर पिस्टनकडे, तांबे-शिसे वाढले तर बेअरिंगकडे. सोडियम-पोटॅशियम दिसले तर तेलात कूलंट शिरल्याची शंका. सिलिकॉन वाढले तर बहुधा धूळ. हे सारे मोजायचे ते दहा लाख भागांत किती भाग, अशा हिशेबाने. ही युक्ती आजची नव्हे. १९४६ साली अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेने आपल्या डिझेल इंजिनांचे तेल असेच तपासून दुखणे आधी ओळखायला सुरुवात केली. जहाजांवर तर ही नेहमीचीच बाब.

आता प्रश्न उरला प्रयोगशाळेचा. आम्ही तीन ठिकाणी फोन केले. पहिलीचा दर सर्वांत कमी. "कोणत्या पद्धतीने तपासता?" असे विचारले, तर उत्तर आले, "मशीनवर, साहेब!" दुसरी फक्त कारखान्यांचेच नमुने घेत होती. तिसरीने चाचण्यांची आणि त्यांच्या पद्धतींची यादीच पाठवली. मेहुण्यांनी तिच्यावर बोट ठेवले. त्यांच्या कसोट्या वाचकांच्याही उपयोगी पडतील.

पहिली कसोटी मान्यतेची. एनएबीएलची मान्यता आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. ती ठरावीक चाचण्यांपुरती असते. पाण्याच्या किंवा सिमेंटच्या तपासणीला मान्यता असलेली प्रयोगशाळा तेलाच्या बाबतीत मान्यताप्राप्त असेलच असे नाही. म्हणून मान्यतेच्या यादीत आपल्या चाचण्या आहेत का, ते पाहावे.

दुसरी कसोटी पद्धतीची. तेलात आम्ल मारण्याची शक्ती किती उरली, हे बेस नंबरवरून कळते. पण तो मोजण्याच्या डी २८९६ आणि डी ४७३९ अशा दोन पद्धती आहेत, आणि एकाच तेलाचे आकडे दोहोंत वेगळे येऊ शकतात. तेव्हा अहवालावर पद्धत लिहिलेली हवी. १०० अंश सेल्सिअसला तेलाचा दाटपणा किती, हेही त्यात हवे.

तिसरी कसोटी अशी, की त्याच जातीच्या कोऱ्या तेलाचा नमुना ते सोबत तपासतात का? कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस ही तर नव्या तेलात मुद्दाम घातलेली असतात. मूळचे किती आणि नंतरचे किती, हे एरवी कळणार कसे? चौथी कसोटी साधी: अहवालातले काही समजले नाही, तर फोनवर समजावणारा जाणकार तिथे आहे का?

इंजिन गरम असताना तेल सोडले, पहिली धार जाऊ दिली आणि मधल्या धारेतून कोरड्या, स्वच्छ बाटलीत नमुना घेतला. गाडी एकूण किती किलोमीटर चालली, हे तेल किती चालले, मध्ये किती भर घातली, सारे चिठ्ठीवर लिहिले.

पाचव्या दिवशी अहवाल आला. तांबे-शिसे ठीक, कूलंटचा पत्ता नाही. पण सिलिकॉन बरेच चढलेले आणि त्याच्यासोबत लोखंड व ॲल्युमिनियमही. प्रयोगशाळेतील बाई फोनवर म्हणाल्या, "धूळ आत जातेय. एअर फिल्टरपासून पुढची नळी बघून घ्या."

मिस्त्रींनी नळी काढली. क्लिपखाली बोटभर चीर! ते स्वतःशीच हसले. "मी इंजिनातच बघत बसलो, साहेब."

नळी, फिल्टर आणि नवे तेल मिळून काही हजारांत काम झाले. फी वेळेवर भरली गेली आणि भाऊबीज कोकणात साजरी झाली. पुढे पाच हजार किलोमीटरनंतर दुसरा नमुना त्याच प्रयोगशाळेत पाठवला. सिलिकॉन निम्म्याहून खाली आले होते, लोखंडही उतरले होते. हीच शेवटची कसोटी: एकदा प्रयोगशाळा निवडली की बदलू नये. एका अहवालापेक्षा ओळीने आलेले चार अहवाल अधिक सांगतात.

अर्थात झालेली झीज भरून येत नाही; गाडी थोडे तेल अजूनही पितेच. शिवाय धातू मोजणाऱ्या यंत्राला काही मायक्रॉनपर्यंतचेच कण दिसतात; एखादा मोठा तुकडा निघाला तर तो त्याच्या नजरेतून सुटतो. म्हणून मिस्त्रींच्या कानाची गरज संपलेली नाही. आता ते स्वतःच गॅरेजात कोऱ्या बाटल्या ठेवतात, आणि कोणाचेही इंजिन उघडण्याआधी विचारतात, "साहेब, रक्त तपासलंत का?"