जुन्या आवाजाची सवय आणि नव्या अल्बमचा धक्का

आवडत्या कलाकाराचा नवा अल्बम येतो, तुम्ही हेडफोन लावता आणि दोन मिनिटांतच मनात येतं, ‘अरे, याला झालंय काय?’ हा प्रश्न माझ्या संशोधनाच्या विषयाला अगदी खेटून आहे. संगीत ऐकताना आपण कसली अपेक्षा धरतो आणि ती मोडली की काय होतं, हे मी अभ्यासते. आज ते एका अल्बमच्या उदाहरणाने बघू. अल्बम आहे बॉन इव्हेरचा, २०१६ सालचा ‘२२, अ मिलियन’. नाव पहिल्यांदाच ऐकत असाल तरी हरकत नाही, लागेल तेवढी ओळख करून देते.

नेमकं काय बदललं?

बॉन इव्हेर म्हणजे मुख्यतः जस्टिन व्हर्नन, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ओ क्लेअर गावचा. जुना बँड मोडल्यावर २००६-०७च्या हिवाळ्यात तो वडिलांच्या जंगलातल्या केबिनमध्ये जाऊन राहिला आणि तिथे गाणी रेकॉर्ड केली. त्यांचाच पुढे ‘फॉर एमा, फॉरएव्हर अगो’ हा पहिला अल्बम झाला. गिटार, कातर उंच आवाज आणि थंडीतला एकटेपणा. ती केबिनची गोष्ट अल्बमइतकीच प्रसिद्ध झाली. २०११ मध्ये दुसरा अल्बम आला आणि २०१२ मध्ये दोन ग्रॅमी मिळाले.

त्यानंतर पाच वर्षांनी आला ‘२२, अ मिलियन’. गाण्यांच्या नावांत आकडे आणि चिन्हं, फाटलेले ड्रम्स, सॅक्सोफोन, मध्येच तुटणारा आवाज. ‘७१५ – क्रीक्स’ या गाण्यात तर एकही वाद्य नाही, नुसता आवाज, पण एकाच वेळी अनेक सुरांत फुटलेला. त्यासाठी ‘मेसिना’ नावाची यंत्रणा वापरली होती. क्रिस मेसिना या ध्वनी-अभियंत्याच्या नावावरून तिला हे नाव पडलं. व्हर्नन गातागाता कीबोर्डवर पट्ट्या दाबतो आणि त्याचाच आवाज त्या त्या सुरांत तिथल्या तिथे बाहेर येतो.

समीक्षकांनी बहुतांशी कौतुक केलं, बिलबोर्डच्या यादीत अल्बम थेट दुसऱ्या क्रमांकावर आला. श्रोत्यांच्या प्रतिक्रिया मात्र ढोबळमानाने तीन प्रकारच्या होत्या. काही म्हणाले, ‘धाडस केलं, झकास!’ काही म्हणाले, ‘आमचा गायक यंत्राने गिळला.’ आणि काही म्हणाले, ‘आधी कळलाच नाही, नंतर सोडवेना.’ तीच ३४ मिनिटं, मग तीन उत्तरं कशी?

मेंदू पुढचं ओळखत असतो

लेनर्ड मेयर यांनी १९५६ मध्ये मांडलं की संगीतातली भावना अपेक्षेतून जन्मते. आपल्याला हे नवं नाही. तबल्याबरोबर गायक सगळं आवर्तन फिरून नेमका समेवर येतो आणि आपल्या तोंडून ‘वा!’ निघतं. सम कुठे आहे हे आतून माहीत असतं, म्हणून तर तो आनंद.

डेव्हिड ह्यूरन यांनी २००६ मध्ये या विषयावर सविस्तर पुस्तक लिहिलं. अपेक्षा निरनिराळ्या प्रकारच्या असतात. एक शैलीची: ‘असल्या गाण्यात साधारण असं होतं.’ दुसरी त्या विशिष्ट गाण्याची: ‘आता इथे ड्रम्स येणार.’ पहिल्यांदा ऐकताना दुसरी अपेक्षा तुमच्याकडे नसतेच. सगळा भार पहिलीवर. आणि बॉन इव्हेरच्या चाहत्यांची ती अपेक्षा आधीच्या अल्बमांनी घडवलेली होती. म्हणजे गंमत बघा, सगळ्यांत मोठा धक्का ज्यांचं त्याच्यावर सगळ्यांत जास्त प्रेम होतं त्यांनाच बसणार.

पण धक्का वाईटच असतो का?

२०१९ मध्ये व्हिन्सेंट चेउंग, स्टेफान क्योल्श आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. बिलबोर्डवरच्या ७४५ गाण्यांमधले सुमारे ८०,००० कॉर्ड्स घेऊन प्रत्येक कॉर्ड किती अनपेक्षित आहे हे संगणकीय मॉडेलने मोजलं. मग चाल आणि शब्द काढून नुसते कॉर्ड्स लोकांना ऐकवले. निष्कर्ष असा: पुढे काय येणार याची खात्री असताना वेगळंच काही आलं तर मजा येते. आणि काहीच अंदाज नसताना साधं, अपेक्षित काही आलं तरीही मजा येते. खात्री नाही आणि वर धक्काही, हे मात्र फारसं रुचत नाही.

तो प्रयोग कॉर्ड्सपुरता होता, आवाजाच्या पोताबद्दल नव्हता, त्यामुळे तो इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दिशा कळते. ‘२२, अ मिलियन’ पहिल्यांदा ऐकताना तुम्ही बऱ्याचदा त्या तिसऱ्या, न रुचणाऱ्या कोपऱ्यात असता.

त्यातून बाहेर कसं यायचं? पुन्हा ऐकून. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडण्याकडे कल वाढतो. डॅनियल बर्लाइन यांनी १९७१ मध्ये त्यात भर घातली: आवड उलट्या ‘यू’सारखी चढते आणि उतरते. सोपं गाणं लवकर आवडतं, लवकर कंटाळवाणं होतं. गुंतागुंतीचं उशिरा चढतं. तिसऱ्या प्रकारचे श्रोते इथे आपल्याला समजतात. पण ही जादू नाही. सुरुवातीलाच तिटकारा आला असेल तर नुसत्या आवर्तनांनी तो जाईलच असं नाही.

‘खरा’ आवाज कोणता?

‘यंत्राने गिळला’ ही तक्रार मात्र अपेक्षेपुरती नाही, ती विश्वासाची आहे. फोकच्या श्रोत्याला वाटतं, हा माणूस माझ्याशी खरं बोलतोय. १९६५ मध्ये न्यूपोर्टला बॉब डिलनने इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली तेव्हा याच भावनेतून काहींनी हुर्यो उडवली होती.

संगीत-अभ्यासक ॲलन मूर यांनी २००२ मध्ये म्हटलं की अस्सलपणा हा गाण्याच्या आत बसलेला गुण नाही, तो श्रोते बहाल करतात. हे पटत नसेल तर पहिला अल्बम पुन्हा ऐका. एका माणसाच्या केबिनमध्ये तो सगळा कोरस आला कुठून? व्हर्ननने स्वतःचाच आवाज थरांवर थर रेकॉर्ड केला होता. यंत्र तेव्हाही होतं. फक्त त्या यंत्राची आपल्याला सवय झालेली होती. २००९ मधल्या ‘वुड्स’मध्ये तर ऑटोट्यूनही उघडच होतं.

याने फरक काय पडतो?

बराच पडतो. प्रयोगशाळेत आम्ही अनेकदा तुकडा एकदाच ऐकवतो आणि लगेच गुण मागतो. स्ट्रीमिंगवरही गाणं तिसाव्या सेकंदाच्या आत पुढे ढकलता येतं, आणि तेही ‘मत’ म्हणून नोंदलं जातं. दोन्हीकडे पहिली प्रतिक्रिया हीच शेवटची ठरते. मग ‘आधी कळला नाही, नंतर सोडवेना’ म्हणणारा श्रोता कागदावर उरतच नाही. त्याची नोंद ‘नावडलं’ अशीच होते. प्रयोग करणाऱ्या कलाकाराला मात्र नेमका तोच श्रोता हवा असतो.

तर तुम्हाला करून बघायचं असेल तर ‘८ (सर्कल)’पासून सुरू करा, ते जुन्या बॉन इव्हेरच्या सगळ्यांत जवळचं आहे. मग पूर्ण अल्बम ऐका, दोन-चार दिवस सोडून द्या, पुन्हा ऐका. तिसऱ्या-चौथ्या वेळी ‘७१५ – क्रीक्स’मध्ये यंत्र ऐकू येतं की माणूस, तेवढं बघा. आणि तरीही नाही आवडला तर? तर नाही आवडला. पण आता ते मत त्या अल्बमबद्दल असेल, जुन्या अल्बमच्या आठवणीबद्दल नाही.