रक्त काढल्यानंतरचा तास

रक्त तपासायला गेलं, की एकाच सुईतून तीन-चार नळ्या भरून घेतात. एकीचं टोपण जांभळं, दुसरीचं राखाडी, तिसरीचं निळं. ‘एवढ्या नळ्या कशाला?’ हा प्रश्न आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना रोजचाच. मी सांगतो, शरीराबाहेर आलं तरी रक्त स्वस्थ बसत नाही.

साध्या नळीतलं रक्त अर्ध्या तासाच्या आसपास गोठतं. गुठळीपासून सुटणारा पिवळसर द्रव म्हणजे सीरम. नळीत गोठणं थांबवणारं रसायन असेल, तर रक्त पातळ राहतं. ती नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात १०-१५ मिनिटं वेगानं फिरवली, की जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, त्यांवर पांढऱ्या पेशींची पातळ साय आणि सर्वांत वर प्लाझ्मा. सीरममध्ये खर्ची पडलेली गोठवणारी प्रथिनं प्लाझ्मात शाबूत असतात. म्हणून रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे प्लाझ्मावरच तपासतात. त्यासाठीच्या निळ्या नळीत १ भाग सायट्रेटला ९ भाग रक्त लागतं. नळी अर्धवट भरली, तर उत्तर चुकतं.

साखरेचं तसंच. प्लाझ्मा वेगळा करेपर्यंत पेशी त्यातली साखर खातच राहतात. साध्या नळीत ती ताशी ५ ते ७ टक्क्यांनी घटू शकते. सकाळी गावात घेतलेलं रक्त दुपारी शहरात पोचलं, तर मधुमेही माणसाची साखर कागदावर आटोक्यात दिसेल आणि औषध लांबेल! राखाडी नळीतलं फ्लोराइड हे थांबवतं, पण त्यालाही तासभर लागतो. म्हणून प्लाझ्मा लवकर वेगळा करणं हाच खरा उपाय.

नळी जोरात हलवली, तर तांबड्या पेशी फुटतात. त्यांतलं पोटॅशियम बाहेर येतं, प्लाझ्मा लालसर होतो. पोटॅशियम वाढणं हृदयाला धोक्याचं. त्यामुळे खोट्या आकड्यावरही धावपळ सुरू होते. असा नमुना आम्ही नाकारतो. तेव्हा ‘पुन्हा रक्त द्या’ असा निरोप आला, तर रागावू नका.

तुमच्या हातीही थोडं आहे. रक्त देताना मूठ सारखी उघडझाप करू नका. त्यानंही पोटॅशियम वाढतं. आपलं पूर्ण नाव स्वतः सांगा आणि ते नळीवर तुमच्यासमोरच लिहिलं जातंय ना, हे पाहा. नमुना दूर जाणार असेल, तर ‘प्लाझ्मा इथंच वेगळा करणार का?’ असं नि:संकोच विचारा. यंत्र कितीही महागडं असो, नळीत जे आलं तेच ते मोजतं.