आजची कविता : ‘आम्ही’ आणि ‘आपण’

कवितेवरचं व्याख्यान संपलं की एक तक्रार ठरलेली असते. “सर, आजची कविता कळत नाही हो!” दादरमध्ये ती हमखास ऐकू येते, कारण इथला श्रोता वाचणारा आहे, आणि न कळण्याचा राग वाचणाऱ्यालाच येतो. आज ही तक्रारच आपण तपासून पाहू.

सुरुवात व्याकरणापासून करू. प्रमाण हिंदीत ‘हम’ म्हटलं की ऐकणारा त्यात आहे की नाही, हे त्या शब्दावरून समजत नाही. मराठीत समजतं. ‘आपण चहा घेऊ’ म्हटलं तर तुमचाही कप मांडलेला असतो. ‘आम्ही चहा घेतो’ म्हटलं की तुम्ही बाहेर. गुजराती, तेलुगू याही भाषा हा भेद पाळतात. तेव्हा कवितेतला आवाज ऐकताना पहिला प्रश्न हा विचारावा, की कवी ज्यांच्या वतीने बोलतोय, त्यांत आपण आहोत का?

मर्ढेकरांच्या 1947 च्या ‘काही कविता’ने वाचकांना हादरवलं. अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. पण त्या कवितेतला महानगरी माणूस बराचसा शिकलेला, पांढरपेशा होता. दुर्बोध असला तरी वाचकाच्याच घरातला.

1962 मध्ये नारायण सुर्व्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आला. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना हे शीर्षकच थांबवतं. ‘अहं ब्रह्मास्मि’मधला ‘मी’ नाव, गाव, धंदा गळून पडल्यावर उरतो. गिरणगावात वाढलेल्या सुर्व्यांचा ‘मी’ मात्र नाव, गाव, धंद्यासकट उभा राहतो. त्यातलं काहीच तो टाकून द्यायला तयार नाही.

पुढे 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. मुंबईत राहिलेल्या, तिच्यावर लिहिलेल्या या लेखकालाही त्यातले कितीतरी शब्द अनोळखी होते, आणि तसं त्यांनी मोकळेपणाने मांडलं. म्हणजे न कळण्याचे दोन प्रकार झाले. एक, शब्द माहीत नसणं. तो प्रश्न विचारून सुटतो. दुसरा प्रकार अवघड आहे. इथे शब्द कळतात, पण ते आपल्याला उद्देशून नाहीत किंवा आपल्याच विरुद्ध आहेत, हे पचत नाही.

भिल्ल समाजातले कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आठवून पाहा. तिच्यात अवघड शब्द जवळजवळ नाहीतच. तरी ऐकणारा अस्वस्थ होतो, कारण ज्यांचं दुःख आहे ते खाली, आणि त्यावर बोलणारे दुसरेच कुणी वर. या बाजूला माइक हातात धरून उभं राहिल्यावर ती कविता आम्हालाही टोचते.

1990 नंतरच्या वर्जेश सोलंकी, हेमंत दिवटे, मन्या जोशी यांच्या कवितेत समूहाचा ‘आम्ही’ विरळ होतो. जाहिराती, ब्रँड, बाजार यांच्या गजबजाटात एकटा ‘मी’ स्वतःचा आवाज खरंच स्वतःचा आहे का, हे चाचपत राहतो. प्रज्ञा दया पवार यांच्या कवितेत जात आणि बाईपण एकत्र बोलतात. त्यामुळे दलित चळवळीच्या ‘आम्ही’त बाई कुठे होती, हाही प्रश्न उभा राहतो.

आता धोका सांगतो. अशी कविता ऐकली की सद्भावनेने आपण पटकन म्हणतो, “ही तर आपल्या सगळ्यांचीच वेदना!” इथे घाई होते. कवीने विचारपूर्वक लिहिलेला ‘आम्ही’ आपण परस्पर ‘आपण’ करून टाकतो, आणि जे ऐकायचं होतं तेच बुजतं. ‘आम्ही’चा ‘आपण’ करण्याचा पहिला हक्क बोलणाऱ्याचा असतो. ऐकणाऱ्याने आधी नीट ऐकावं.

6 डिसेंबरला चैत्यभूमीला येणाऱ्यांसाठी शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. गाठोडं खांद्यावर घेऊन आलेली माणसं तिथे पुस्तकं विकत घेतात. याच दादरमध्ये वर्षभर साहित्याच्या सभाही भरतात, पण दोन्हीकडे दिसणारे चेहरे थोडेच. तेव्हा पुढच्या 6 डिसेंबरला त्या स्टॉलवरून एक कवितासंग्रह घ्या. घरी मोठ्याने वाचा. आणि ‘कळली का?’ याच्या आधी विचारा, ‘कोण बोलतंय, आणि कुणाशी?’