पोलिसांची वही आणि गावाचा विश्वास

एखाद्या जिल्ह्यात गुन्हे घटले असे सरकारी अहवालात छापून आले म्हणजे अधिकारी संतोष पावतात. वाढले असे छापून आले म्हणजे विरोधक गदारोळ उडवितात. परंतु अहवालातील आकडा घडलेल्या गुन्ह्यांचा नसून नोंदलेल्या गुन्ह्यांचा असतो, हा भेद उभय पक्ष विसरतात. देशभरचे आकडे छापणारा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागही गुन्ह्यांची वाढ आणि नोंदणीची वाढ या दोन निराळ्या गोष्टी होत, असा इशारा देत असतो. तो वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

व्यापारी वाचकांस हे समजावून सांगण्याची गरज नसावी. गल्ल्यातून हजार रुपये गेले तर दुकानदार मनाशी हिशेब करतो: ठाण्यावर दोन दिवस खेटे घालावे, दुकान बंद ठेवावे, आणि शेवटी 'तपास चालू आहे' एवढेच ऐकावे, त्यापेक्षा गेले ते गेले. अशा शंभर दुकानदारांनी हाच हिशेब केला म्हणजे पेठेत चोरी उरली नाही असे कागदावर दिसते. सारांश, लोकांचा पोलिसांवर विश्वास जितका कमी, तितका आकडा सुंदर. आणि एखाद्या नेक अधिकाऱ्याने दार उघडे ठेवून प्रत्येकाची फिर्याद लिहून घेतली, तर त्याच्याच माथी गुन्हे वाढल्याचा ठपका येतो! दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच ती नोंदलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली स्पष्ट सांगितले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने तर हद्दीची सबबही काढून घेतली आहे. कायदा पुढे गेला. आता रीत बदलावयाची आहे.

ती कशी बदलते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे. यंत्रमागांचे भिवंडी शहर १९७० व १९८४ साली भीषण दंगलींनी होरपळून निघाले. पुढे १९८८ साली तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या श्री. सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. वस्तीतील हिंदू व मुसलमान रहिवासी पोलिसांसमवेत एकत्र बसत. नळाची भांडणे, मिरवणुकीचे मार्ग, उठलेल्या अफवा, असल्या बारीक गोष्टींचा निकाल त्या पेटण्यापूर्वी लागे. पुढे ६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबई जळत असता, जिच्याविषयी सर्वांस अधिक धास्ती होती ती भिवंडी शांत राहिली. हे केवळ बंदुकीचे काम नव्हते. पोलिसाला वस्तीतील माणसे ठाऊक होती आणि वस्तीला पोलीस ठाऊक होता, त्या परिचयाचे हे फळ होते.

परंतु हाच वृत्तान्त येथे थांबविला तर अर्धसत्य होईल. त्याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव खवळला, गोळीबारात दोन माणसे मेली आणि जमावाने दोन पोलीस शिपायांचा बळी घेतला. लोकांच्या रक्षणासाठी बांधावयाची इमारतच कलहाचे कारण व्हावी, यापरते दुर्दैव कोणते? विश्वास ही एकदा कमावून तिजोरीत ठेवण्याची वस्तू नव्हे. शेताप्रमाणे तिची मशागत दरसाल करावी लागते.

खेड्यांकडे पाहिले तर साधने अपुरी नाहीत. महसुली पाटलांचे पिढीजात पद १९६२ च्या कायद्याने गेले. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यान्वये नेमलेला पोलीस पाटील मात्र आजही गाव व ठाणे यांमधील दुवा आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम निघाली, आणि बांधावरचे कैक कज्जे कचेरीबाहेर मिटविण्याची वाट तिने दाखविली. तिचा हेतू आम्हांस सर्वथा मान्य आहे. परंतु तंटामुक्त ठरणाऱ्या गावास बक्षीस मिळत असल्यामुळे तक्रार मिटविणे आणि तक्रार दाबणे यांतील सीमा पुसली जाण्याचे भय असते. बांधाचा वाद पारावर मिटावा. पण मारहाण झालेल्या सुनेस किंवा अत्याचार सोसलेल्या दलितास 'गावाची अब्रू राखा' म्हणून गप्प बसविणे हा सलोखा नव्हे, ते दुसरे पातक होय. ज्या गुन्ह्यात कायद्याने तडजोड होऊ शकत नाही, तेथे समितीने फिर्यादीचा हात धरून तिला ठाण्यावर न्यावे.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे. पोलीस अधिकाऱ्याची पारख नोंदींच्या घटीवरून न करता, किती फिर्यादींचा तपास तडीस गेला यावरून करावी. समित्यांत धनिक व पुढारी यांचीच भरती न होता स्त्रिया, मजूर, फेरीवाले आणि दुर्बळ जातींची माणसे असावीत, आणि त्यांच्या बैठका सणाच्या तोंडावरच नव्हे, तर दरमहा व्हाव्यात. शेवटी नागरिकांसही एक शब्द: चोरी झाली तर फिर्याद द्या, आणि तिची प्रत मागून घ्या, ती विनामूल्य मिळण्याचा तुम्हांस हक्क आहे. जे गाव आपले दुखणे लपविते, त्याला औषध देणारा वैद्य कोठून मिळणार?