पंचवीस जुलैनंतर

राष्ट्रपती कोण होणार यावर आपल्याकडे महिनोन्‌महिने पैजा लागतात. राष्ट्रपती भवनातून बाहेर पडलेल्या माणसाचं पुढं काय होतं, याची फिकीर कुणी करत नाही. मला ती का लागली, देव जाणे. पण कित्येक वर्षं वर्तमानपत्रात ‘माजी राष्ट्रपती’ दिसले की माझी कात्री बाहेर येते. नीलम संजीव रेड्डींनी 1977 साली 25 जुलैला शपथ घेतली आणि तीच तारीख पुढं कायम झाली. त्या दिवशी एक जण आत शिरतो, एक बाहेर पडतो; कॅमेरे अर्थातच शिरणाऱ्याकडे वळलेले असतात.

या कात्रणांच्या फायलीत सर्वांत सडपातळ पाकीट भोपाळच्या माणसाचं आहे. डॉ. शंकर दयाळ शर्मा. महाराष्ट्राला ते अनोळखी नाहीत. 1986-87 मध्ये ते मलबार हिलवर आपले राज्यपाल होते. तेव्हा मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण. राजभवनातही शंकर, ‘वर्षा’वरही शंकर!

शर्मांचा जन्म 19 ऑगस्ट 1918 चा, भोपाळचा. वडील खुशीलाल शर्मा वैद्य; भोपाळच्या सरकारी आयुर्वेद महाविद्यालयाला आज त्यांचंच नाव आहे. मुलगा लखनौ करून केंब्रिजला गेला, कायद्यात डॉक्टर झाला आणि परत येऊन नवाबाशीच भांडला. नवाब हमीदुल्ला खान यांना संस्थान वेगळं ठेवायचं होतं. लोकांना विलीनीकरण हवं होतं. 14 जानेवारी 1949 ला, ऐन संक्रांतीला, नर्मदाकाठच्या बोरास गावी तिरंगा फडकवायला जमलेल्या तरुणांवर गोळीबार झाला. या आंदोलनात शर्मा तुरुंगात गेले. 1 जून 1949 ला संस्थान केंद्राच्या ताब्यात आलं आणि 1952 मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ते भोपाळ राज्याचे मुख्यमंत्री झाले.

पुढची गोष्ट नागपूरकरांना सांगायला नको. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेरमांडणी झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरची राजधानी गेली आणि नव्या मध्य प्रदेशची राजधानी झालं भोपाळ. जबलपूर, इंदूर, ग्वाल्हेर हात चोळत बसले. त्या वेळचा भोपाळचा मुख्यमंत्री कोण होता, हे वर आलंच आहे. शर्मा मग नव्या राज्यात मंत्री झाले आणि मिंटो हॉलमध्ये बसू लागले. ही इमारत नवाब सुलतान जहाँ बेगमची. कोनशिला 1909 मध्ये व्हाइसरॉय मिंटोच्या हातची. विधानसभा दीर्घकाळ तिथंच भरत होती.

त्यानंतरची तीस-पस्तीस वर्षं मी भरभर उलटतो: काँग्रेसचे अध्यक्ष, केंद्रात दळणवळण मंत्री, 1977 च्या लाटेत भोपाळमध्येच पराभव, आंध्र आणि पंजाबचं राज्यपालपद. पण एका ठिकाणी थांबावंच लागतं. जुलै 1985 मध्ये दिल्लीत खलिस्तानी अतिरेक्यांनी त्यांची मुलगी गीतांजली आणि जावई ललित माकन यांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस हा माणूस पंजाबचा राज्यपाल म्हणून चंदीगडला गेला. उपराष्ट्रपती असताना राज्यसभेतल्या गोंधळात त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा लोक हसले. मला त्या हसण्याचा अजून राग येतो.

1991 ची हकिकत नटवरसिंहांनी आत्मचरित्रात लिहिली आहे. राजीव गांधींच्या हत्येनंतर पंतप्रधानपदाचा निरोप घेऊन ते आणि अरुणा असफ अली शर्मांकडे गेले. शर्मांनी वय आणि प्रकृती पुढं करून नम्रपणे नकार दिला. मग नरसिंह राव आले, आणि बाकी सगळा इतिहास. जो पंतप्रधानपद झेपणार नाही म्हणाला तो पुढच्याच वर्षी राष्ट्रपती झाला. यात मला काही विसंगती वाटत नाही. दोन खुर्च्यांचं ओझं सारखं नसतं.

भोपाळने आपल्या राष्ट्रपतीचा खरा सोहळा पाहिला तो 3 ऑगस्ट 1996 ला. अरेरा टेकडीवर चार्ल्स कोरिआंनी बांधलेल्या नव्या विधान भवनाचं उद्घाटन त्या दिवशी शर्मांच्या हस्ते झालं. वर्तुळाकार आराखडा, आत चौक, वर सांचीच्या स्तूपाची आठवण करून देणारा घुमट. ज्या शहरासाठी तुरुंगात गेले, जिथं मुख्यमंत्री झाले, त्याच शहराच्या विधानसभेचं दार त्यांनी उघडलं. इमारतीला 1998 मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. तोवर शर्मा ‘माजी’ झाले होते.

25 जुलै 1997 ला त्यांनी पद सोडलं. तारीख पाहा. तीनच आठवड्यांनी स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात मध्यरात्रीचं अधिवेशन भरलं, भीमसेन जोशींनी ‘वंदे मातरम्’ गायलं. राष्ट्रपती म्हणून तिथं होते के. आर. नारायणन. विलीनीकरणासाठी तुरुंग पाहिलेल्या माणसाला त्या रात्रीचं यजमानपद वीस दिवसांनी हुकलं. पंचांग कुणासाठी थांबत नाही, हे खरं. तरी चुटपुट लागतेच.

आणि मग पाकीट रिकामं होत जातं. प्रकृती ढासळलेली होती, हे एक कारण. दुसरं मला सापडलं ते एका रुक्ष कायद्यात. माजी राष्ट्रपतींच्या निवृत्तिवेतनाचा हा कायदा 1951 चा. राष्ट्रपतींना महिना दहा हजार पगार होता तेव्हा यात निवृत्तीनंतर वर्षाला पंधरा हजार ठरले. म्हणजे दीड महिन्याच्या पगारात वर्ष काढा! पुढं दुरुस्त्या होत गेल्या. आज पेन्शन महिना अडीच लाख आहे. सजवलेलं, भाडं नसलेलं घर तहहयात. दूरध्वनी, मोटार, औषधपाणी. एक खासगी सचिव, त्याला एक जोडीदार, एक स्वीय सहायक, दोन शिपाई. सोबत कुणाला तरी घेऊन देशात कुठंही सर्वोच्च वर्गाने प्रवास, विमानाने, रेल्वेने किंवा आगबोटीने. ही आगबोट मला फार आवडते. भोपाळच्या माणसाने ती कुठल्या बंदरात पकडावी? सगळ्याची तजवीज आहे. या माणसाने कुठल्या व्यासपीठावर बसावं, याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

ते ठरतं घरावरून. राजेंद्रबाबू 1962 मध्ये पाटण्याच्या सदाकत आश्रमात परतले. राधाकृष्णन मद्रासला, रेड्डी अनंतपूरला गेले. गावी परतलेल्याकडे माणसं येतात. दिल्लीत राहिलेल्याकडे निमंत्रणपत्रिका. कलाम दिल्लीत राहूनही सतत फिरतीवर असत, म्हणून ते अपवाद. शिलाँगच्या आयआयएममध्ये व्याख्यान देतानाच 27 जुलै 2015 ला ते कोसळले. शर्मांचा मुक्काम दिल्लीतच राहिला. भोपाळला राष्ट्रपती मिळाला, माजी राष्ट्रपती मिळालाच नाही.

गावी परतणंही सोपं नसतं, हे आपण पुण्यात पाहिलं. प्रतिभाताई पाटील यांच्यासाठी खडकी छावणीत लष्कराच्या सुमारे सहा एकर जमिनीवर घर व्हायचं होतं. माजी सैनिकांनी माहिती अधिकारात कागद काढले आणि जवानांना घरं नाहीत तर हे कसं, असा जाब विचारला. एप्रिल 2012 मध्ये ताईंनी ती जमीन सोडली. सैनिकांचा प्रश्न रास्त होता. टीव्हीवर त्याची जी चटकदार भेळ झाली ती नव्हती. ताई पुण्यातच राहिल्या आणि 2019 मध्ये मेक्सिकोने परदेशी नागरिकांसाठीचा आपला सर्वोच्च सन्मान इथंच येऊन त्यांना दिला.

आणि नागपूर. 7 जून 2018 ला प्रणव मुखर्जी रेशीमबागेत संघाच्या वर्गाच्या समारोपाला गेले. त्यांच्या मुलीने आधीच जाहीर बजावलं होतं की भाषण लोक विसरतील, चित्रं उरतील. रिवाज मोडून सरसंघचालक आधी बोलले, पाहुणे नंतर. प्रणवदांनी राष्ट्र, राष्ट्रवाद आणि देशभक्ती यांवर लिहून आणलेलं इंग्रजी भाषण वाचलं. रात्र सरायच्या आत त्यांना काळी टोपी घालून संघ प्रणाम करताना दाखवणारं बनावट छायाचित्र मोबाइलवर फिरू लागलं. मुलीचा शब्द काही तासांत खरा ठरला. भाषण मी पुन्हा वाचलं, चांगलं आहे. त्यातलं वाक्य आज मात्र कुणी सांगत नाही. जानेवारी 2004 मध्ये नारायणन मुंबईत जागतिक सामाजिक मंचाच्या समारोपाला बोलले, तेव्हा डावे खूश होते. रेशीमबागेच्या वेळी उजवे. 2 ऑक्टोबर 2025 ला रामनाथ कोविंद संघाच्या शताब्दीच्या विजयादशमीला प्रमुख पाहुणे होते, त्यावर फारसा गदारोळ झाला नाही. खुर्ची गेलेल्या माणसाला बोलावणारे त्याचं म्हणणं ऐकायला क्वचितच बोलावतात. त्यांना त्याचं तिथं असणं हवं असतं.

शर्मा या कुठल्याच फंदात पडले नाहीत. पडले असते तर? पांडित्य होतं, कायदा तोंडपाठ होता. 1996 मध्ये वाजपेयींना बहुमत नसताना सरकार बनवायला बोलावण्याचा त्यांचा निर्णय तर पुढं वर्षानुवर्षं चर्चेत राहिला. त्यावर सविस्तर बोलायला त्यांच्याइतका योग्य वक्ता दुसरा नव्हता. भोपाळच्या एखाद्या सभागृहात ते व्याख्यान झालं असतं तर माझं पाकीट त्या एका कात्रणानेच भरलं असतं.

26 डिसेंबर 1999 ला दिल्लीत ते गेले. दोन दिवसांपूर्वीच काठमांडूहून निघालेलं विमान पळवून कंदाहारला नेलं होतं. प्रवाशांचे नातेवाईक रस्त्यावर होते, देशाचे डोळे धावपट्टीवर. माजी राष्ट्रपतीच्या निधनाच्या वाट्याला उरलेली जागा आली. अंत्यसंस्कार विजय घाटाजवळ झाले. त्या जागेला ‘कर्मभूमी’ म्हणतात. तीही दिल्लीतच.

त्यांच्या नावाने दरवर्षी नेमाने होणारा सोहळा मात्र भलतीकडेच असतो. 1994 मध्ये पदावर असतानाच त्यांनी दिलेल्या देणगीतून ‘डॉ. शंकर दयाळ शर्मा सुवर्णपदक’ सुरू झालं. आयआयटींच्या दीक्षान्त समारंभात ते अभ्यासाबरोबर वागणूक आणि बाकीची कर्तबगारीही पाहून दिलं जातं. नाव पुकारलं जातं, एखादी मुलगी मंचावर जाऊन पदक घेते, पालक फोटो काढतात. शर्मा कोण, हे तिला विचारलं तर केंब्रिजपेक्षा भोपाळ आधी सांगायला हवं, असं माझं मत आहे.