आधी आजींना विचारा

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी माणसांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघर जातो. अशाच एका फेरीत ऐंशी वर्षांच्या एका आजींच्या उशाशी औषधांची फुगलेली पिशवी आमच्या दृष्टीस पडली. तीत तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या होत्या: एक रक्तदाबाची, एक मधुमेहाची, एक गुडघ्यांची. डोळ्यांत मोतीबिंदू होता. भोवळ येई म्हणून आजींनी अंगणात येणेही सोडले होते. प्रत्येक डॉक्टर आपापल्या परीने उपचार करीत होता. परंतु सगळ्या आजींकडे एकत्रितपणे पाहणारा कोणीच नव्हता.

आम्ही विचारले, "आजी, तुम्हांला काय हवंसं वाटतं?"

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "फादर, न्हाणीत एकटीनं जाता यावं, आणि रविवारी मिस्साला माझ्या पायांनी यावं."

हा प्रश्न त्यांना यापूर्वी कोणी विचारला नव्हता. आम्हीही विचारला नव्हता.

वाचकहो, वृद्धांच्या आरोग्यसेवेचा आरंभ याच प्रश्नापासून व्हावा, असे आता जाणते लोक सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली वृद्धांच्या एकात्म शुश्रूषेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या व २०१९ साली त्यांवर एक हस्तपुस्तिका काढली. त्यांचे सार असे की, रोगांची यादी करण्यापूर्वी माणसाच्या सहा शक्ती पाहाव्यात: स्मरण, चालणे, पोषण, दृष्टी, श्रवण आणि मनाची उभारी.

ही प्राथमिक पाहणी साधी आहे. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने ते पुन्हा विचारावेत. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठणे चौदा सेकंदांत जमते का, ते पाहावे. मात्र जवळ कोणीतरी उभे असावे. तीन महिन्यांत तीन किलोहून अधिक वजन उतरले आहे काय? भूक मंदावली आहे काय? नीट दिसते काय? कुजबुज ऐकू येते काय? गेल्या दोन आठवड्यांत मन उदास आहे काय? जेथे उणीव दिसेल तेथे पुढील तपासणी डॉक्टरांनी करावी. मग वृद्धाची इच्छा मध्यभागी ठेवून सर्वांनी मिळून एकच योजना आखावी. त्या योजनेत घरातील सेवा करणाऱ्या माणसाच्या विश्रांतीचाही विचार असावा. थकलेल्या सुनेच्या हातून चांगली शुश्रूषा कशी होणार?

हे केवळ कागदावरचे नव्हे. १९९३ साली केरळातील कोझिकोड येथे असाध्य दुखण्याने पीडित रुग्णांसाठी वेदनाशमनाचे कार्य सुरू झाले. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच प्रशिक्षण घेऊन, परिचारिका व डॉक्टरांच्या साहाय्याने, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाण्यास प्रारंभ केला. २००८ साली तेथील शासनाने त्यासाठी धोरणच जाहीर केले. औषध डॉक्टर देतात. परंतु रोज दार ठोठावणारा शेजारीच असतो.

आपल्या देशात २०११ च्या जनगणनेनुसार साठी ओलांडलेले लोक दहा कोटींहून अधिक होते. २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेखाली रुग्णालयीन उपचारांसाठी कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळू लागले. ही मोठी सोय खरी. तथापि ती रुग्णालयात दाखल झाल्यावरची. न्हाणीघरापर्यंतची दहा पावले त्या कार्डावर चालता येत नाहीत.

आता त्या आजींविषयी. गावच्या आशाताईंनी पिशवी जशीच्या तशी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेली. तेथील डॉक्टरांनी सर्व चिठ्ठ्या एकत्र वाचल्या, तेव्हा रक्तदाबाचे एकच औषध दोन नावांनी दोनदा चालू असल्याचे आढळले. त्यांनी एक बंद केले आणि भोवळ कमी झाली. (वाचकांनी स्वतःहून मात्र कोणतेही औषध बंद करू नये.) एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मुलाने न्हाणीत भिंतीला लोखंडी दांडा बसविला. पायांत बळ यावे म्हणून खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम ठरला. शेजारच्या दोघी बाया आळीपाळीने दुपारी येऊन बसतात; तेवढा वेळ सूनबाईंना डोळा लागतो.

आजी अद्याप देवळापर्यंत पोहोचलेल्या नाहीत. मात्र न्हाणीत त्या एकट्या जातात, आणि गेल्या फेरीस आम्ही गेलो तेव्हा अंगणातील बाकावर बसून आमची वाट पाहत होत्या.

आपल्या वाड्यातही अशी एखादी पिशवी कोणाच्या उशाशी असेल. या आठवड्यात तेथे जावे, थोडे बसावे, आणि औषधांची चौकशी करण्यापूर्वी त्या माणसाला काय हवे आहे ते विचारावे. उत्तर मिळण्यास वेळ लागला, तर उठण्याची घाई करू नये.