शहाण्यांच्या नावाने येणारे ईमेल

परदेशातल्या कुणा दिवंगत अधिकाऱ्याची कोट्यवधी डॉलरची ठेव बँकेत अडकली आहे, ती सोडवायला मदत करा, मोठा वाटा तुम्हाला देऊ, असा ईमेल कधीच न आलेला माणूस आता विरळाच. त्यावरची प्रतिक्रियाही ठरलेली असते. थोडे हसायचे, डिलीट करायचे आणि 'याला अजून फसते तरी कोण?' म्हणत पुढच्या कामाला लागायचे. नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातल्या 419 क्रमांकाच्या कलमावरून या प्रकाराला 'फोर-वन-नाइन' म्हणतात, पण तो नायजेरियात जन्मला नाही आणि इंटरनेटवरही नाही. राज्यक्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये तुरुंगातले कैदी श्रीमंत लोकांचे पत्ते मिळवून त्यांना पत्रे धाडत. मालकाबरोबर पळताना जडजवाहिरांची पेटी एका ठिकाणी दडवली आहे, सध्या मी कैदेत आहे, थोडे पैसे पाठवलेत तर जागा सांगतो, असा त्यांचा मजकूर. गुन्हेगारीतून पोलीस खात्यात आलेल्या विडोकने लिहून ठेवले आहे की अशा शंभर पत्रांपैकी विसांना तरी उत्तर येई. पुढे पत्राच्या जागी फॅक्स आला, मग ईमेल. कथानक फारसे बदलले नाही, टपालखर्च मात्र जवळजवळ शून्यावर आला.

या शून्य खर्चाचा अर्थ मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी 2012 मध्ये एका निबंधात उलगडून दाखवला. त्यांचा प्रश्न साधा होता. नायजेरियाचे नाव इतके बदनाम झाल्यावरही भामटे आपण नायजेरियातले असल्याचे का सांगतात? दुसरा एखादा देश त्यांना सुचत नाही का? हर्ली यांचे उत्तर हिशेबाचे आहे. लाखो ईमेल पाठवायला काही लागत नाही. वेळ लागतो तो उत्तर देणाऱ्यांशी आठवडेच्या आठवडे बोलत राहण्यात. मध्येच सावध होऊन पैसे न देणारा माणूस हा त्यांच्या लेखी तोटा. म्हणून पहिलाच मजकूर इतका अविश्वसनीय ठेवायचा की संशयी माणसे आपणहून गळून जावीत. म्हणजे आपण हसून डिलीट करतो तेव्हा भामट्याला आपण ओळखलेले नसते, त्यानेच आपल्याला वगळलेले असते. (भामट्यांना खोटी उत्तरे पाठवून महिनोन्महिने झुलवणारे काही हौशी लोक आहेत. तो उद्योग पोरकट वाटतो, पण या हिशेबात तेच त्यांना खरे महाग पडतात.) माझ्या मते यातून निघणारी पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. फसवा ईमेल कसा दिसतो, याचे आपल्या मनातले चित्र आपल्यासाठी नसलेल्याच ईमेलवरून तयार झालेले असते. चुकीचे इंग्रजी, अचाट रक्कम, अनोळखी माणूस. जो ईमेल खरोखर आपल्यासाठी लिहिला जातो, त्यात यातले काहीच नसते.

अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत 2004 मध्ये छात्रांना एका कर्नलच्या नावाने ईमेल गेला. तुमच्या गुणपत्रिकेत अडचण आहे, दुव्यावर क्लिक करा. असा कर्नल तिथे नव्हताच. तरी 80 टक्क्यांहून अधिक छात्रांनी क्लिक केले, कारण वरिष्ठाचा आदेश पाळणे हेच त्यांना शिकवले होते. पुढच्याच वर्षी इंडियाना विद्यापीठात झालेल्या प्रयोगात अनोळखी पत्त्यावरून आलेल्या फसव्या ईमेलला 16 टक्के विद्यार्थी बळी पडले. तोच ईमेल ओळखीच्या मित्राच्या नावाने गेला तेव्हा हे प्रमाण 72 टक्क्यांवर पोचले. हे तर प्रयोग झाले. 2013 ते 2015 या काळात एका लिथुआनियन माणसाने तैवानच्या क्वांटा कंपनीच्या नावाची दुसरी कंपनी काढली आणि तिच्या खोट्या बिलांवर गूगल आणि फेसबुक यांच्याकडून मिळून सुमारे 12 कोटी डॉलर उकळले. जगाला इंटरनेट पुरवणाऱ्यांचीच ही गत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये 2022 मध्ये संस्थेचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने संदेश आला, ताबडतोब पैसे पाठवा म्हणून, आणि एक कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली. तिथे ईमेलऐवजी व्हॉट्सअ‍ॅप होते, युक्ती तीच. या सगळ्यांत लोभ कुठे आहे? छात्र आज्ञाधारक होते, विद्यार्थी मित्रावर विश्वास ठेवणारे, हिशेब खात्यातली माणसे वेळेवर काम उरकणारी. फसवले गेले ते त्यांच्या चांगल्या सवयींच्या वाटेने. अमेरिकेच्या एफबीआयकडे 2023 या एका वर्षात व्यवसायांच्या ईमेलमधून झालेल्या अशा फसवणुकीच्या तक्रारींत 2.9 अब्ज डॉलरचे नुकसान नोंदले गेले, त्यामागे हेच आहे.

पण लॉटरी आणि दुप्पट परताव्याच्या मागे लागणारे लोभीच नव्हेत का, असा आक्षेप येईल. काही असतातच, आणि त्यांची बाजू घेण्याचे कारण नाही. मात्र 'लोभी तोच फसतो' हे सूत्र धरले की उरलेले सारे स्वतःला सुरक्षित समजू लागतात. तरुणांचा तसाच समज असतो की फसतात ती आजी-आजोबांची पिढी. अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षे उलटेच दिसते. फसवणुकीची तक्रार करणाऱ्यांत पैसे प्रत्यक्ष गमावल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण विशीतल्यांत वृद्धांपेक्षा जास्त असते. वृद्धांची गेलेली रक्कम मात्र मोठी असते, कारण गमावण्याजोगे त्यांच्याकडे अधिक साठलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोकांना प्रशिक्षण द्या, मग ते फसणार नाहीत. प्रशिक्षणाचा उपयोग होतो, असे काही प्रयोगांत दिसले आहे. पण झुरिकच्या ईटीएच संस्थेच्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीतल्या 14 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर 15 महिने लक्ष ठेवले, तेव्हा चुकून क्लिक करणाऱ्याला लगेच धडा दाखवण्याची रूढ पद्धत निरुपयोगी ठरली. उलट धडा मिळालेले कर्मचारी नंतर जरा जास्तच फसले. उपयोगी पडले ते वेगळेच, संशय येताच कळवण्यासाठी दिलेले एक बटण. एकट्या माणसाला न दिसलेला डाव शेकडोंपैकी कुणाला तरी दिसे आणि बाकीचे वाचत. दूरसंचार कंपनी व्हेरायझनच्या 2024 च्या अहवालानुसार फसवा ईमेल उघडल्यापासून दुव्यावर क्लिक व्हायला साधारणपणे 21 सेकंद आणि माहिती भरायला आणखी 28 सेकंद लागतात. मिनिटाच्या आत संपणाऱ्या या खेळात प्रत्येकाने प्रत्येक वेळी जागरूक असावे, ही अपेक्षाच अमानुष आहे. चटकन सांगता येणे मात्र कुणालाही जमण्यासारखे आहे, फक्त सांगणाऱ्याला मूर्ख ठरवले जाणार नाही एवढी खात्री हवी.

इथे तिसरा आक्षेप उभा राहतो. दोष द्यायचाच नाही म्हटले, तर लोक बेफिकीर होणार नाहीत का? ब्रिटनने याचे उत्तर नियमातच शोधले. तिथे 7 ऑक्टोबर 2024 पासून फसवून करवून घेतलेल्या बँक हस्तांतराची 85 हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांना द्यावी लागते. पैसे पाठवणारी आणि घेणारी अशा दोन्ही संस्था ती निम्मी निम्मी सोसतात. ढोबळ निष्काळजीपणा सिद्ध झाला तर भरपाई नाकारता येते, पण सिद्ध करायचा तो बँकेने. भुरट्यांची खाती उघडू देणाऱ्या बँकेलाही झळ बसते, हे मला त्यातले सर्वांत शहाणपणाचे कलम वाटते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाने पासवर्ड सांगून टाकण्यासारख्या ग्राहकाच्या चुकीने झालेले नुकसान ग्राहकावरच ठेवले. पण बँकेला कळवण्यापूर्वीचे तेवढेच. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे कडक नियमातही मोल आहे ते लवकर बोलण्याला. लाजेने एक रात्र गप्प राहणाऱ्याचे पैसे तोवर चार खाती फिरून निघून गेलेले असतात.

म्हणून घरात कुणी दबक्या आवाजात 'काहीतरी गडबड झाली आहे' असे म्हणाले, तर 'एवढेही कळले नाही का?' हा प्रश्न उद्यावर टाका. आधी बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीचा 1930 हा क्रमांक फिरवा.